काळ्या मातीतील सूक्ष्मजीवसृष्टी

मृगाची पहिली सर कोसळते आणि यवतमाळ जिल्ह्यातील उन्हाने भेगाळलेल्या काळ्या रानातून एक ओळखीचा गंध दरवळतो. या गंधास सर्वजण मातीचा वास म्हणतात. वस्तुतः तो निव्वळ मातीचा नसतो. मातीत राहणारे स्ट्रेप्टोमायसिस नावाचे जीवाणू जिओस्मिन हे द्रव्य तयार करतात व पावसाच्या थेंबांबरोबर ते हवेत मिसळते. माती भिजताच उन्हाळाभर सुप्तावस्थेत राहिलेले असंख्य सूक्ष्मजीव जागे होतात, श्वसन करू लागतात आणि जुन्या काडीकचऱ्यात अडकलेला नत्र मोकळा करतात. शेतकऱ्याची तिफण शेतात उतरण्यापूर्वीच जमिनीच्या पोटात कामास प्रारंभ झालेला असतो.

हे काम करणारे जीव कोणते, त्यांचा अभ्यास आज कसा केला जातो आणि त्या अभ्यासातून गावाने काय घ्यावे, हा या भाषणाचा विषय आहे. यवतमाळ हा कापूस, सोयाबीन आणि तूर पिकविणारा व मुख्यतः पावसावर अवलंबून असलेला जिल्हा आहे. वर्धा व पैनगंगा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या त्याच्या सोळा तालुक्यांत खोल काळ्या कपाशीच्या जमिनीही आहेत आणि टेकड्यांच्या उतारावरील उथळ बरड जमिनीही आहेत. कोरडवाहू शेतकऱ्याचे खरे भांडवल म्हणजे या जमिनीचा कस. तो घटला की खताचा खर्च वाढतो, पीक मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, आणि या तफावतीचा भार अखेर कर्जाच्या रूपाने कुटुंबावर पडतो. म्हणून कस टिकविणाऱ्या सूक्ष्मजीवांची ओळख हा केवळ प्रयोगशाळेचा विषय राहत नाही.

काचबशीची मर्यादा

सुपीक जमिनीच्या एका ग्रॅम मातीत साधारणतः एक अब्जाच्या घरात जीवाणू असतात. त्यांच्या हजारो जाती असतात. शिवाय बुरशी, शैवाल आणि आदिजीव निराळेच. या सृष्टीचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शास्त्रीय पायावर उभा राहिला. रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मजीव घट्ट पोषक माध्यमावर वाढविण्याची पद्धत रूढ झाली आणि १८८७ मध्ये त्यांचे सहकारी युलियस पेट्री यांनी त्यासाठी झाकणाची काचबशी वापरात आणली. १८८८ मध्ये बायरिंक यांनी द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठींतून नत्र स्थिर करणारे जीवाणू वेगळे काढले. आजच्या रायझोबियम खताचा उगम तेथे आहे.

या पद्धतीने शेतीवर आणि वैद्यकावर थोर उपकार केले आहेत. तथापि तिची एक मर्यादा लवकरच ध्यानात आली. सूक्ष्मदर्शकाखाली मातीत जेवढे जीवाणू मोजता येतात, त्यांतील शेकडा एक देखील सामान्यतः काचबशीत वाढत नाहीत. कोणास मातीतील एखादे विशिष्ट द्रव्य लागते, कोणास प्राणवायू सोसत नाही, कोणी शेजारच्या जीवाच्या आधाराविना जगूच शकत नाही, तर कोणाची वाढ इतकी संथ असते की परीक्षकाचा धीर सुटावा. म्हणजे सुमारे एक शतक विज्ञान ज्यांचा अभ्यास करीत होते ते मातीचे प्रतिनिधी नव्हते. प्रयोगशाळेचे अन्न ज्यांना मानवले तेच तेवढे दृष्टीस पडत होते.

मतदार यादी आणि हजेरीपट

ही कोंडी जीवाच्या वारसाद्रव्याच्या वाचनाने फुटली. प्रत्येक सजीव पेशीत प्रथिने तयार करणारी एक यंत्रणा असते. तिच्या एका घटकाच्या जनुकाची रचना जातीजातीनुसार थोडीथोडी बदलत जाते. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये या घटकाची तुलना करून दाखविले की, जीवाणूंसारखे दिसणारे काही सूक्ष्मजीव वंशाने सर्वस्वी निराळे आहेत. त्यांना आज आर्किया म्हणतात. पुढे नॉर्मन पेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तत्त्व निसर्गातील नमुन्यांना लावले. जीव वाढविण्याची गरज उरली नाही. माती किंवा पाणी घ्यावे, त्यातील सर्व डीएनए काढावा, ओळख पटविणाऱ्या जनुकाच्या असंख्य प्रती कराव्यात आणि त्यांचा क्रम वाचून कोण कोण उपस्थित आहे ते ठरवावे, असा हा मार्ग होय. नमुन्यातील यच्चयावत जीवांचा डीएनए एकत्र वाचण्याच्या पद्धतीस १९९८ मध्ये मेटाजीनोम हे नाव मिळाले.

पंचायतीच्या कारभारातील उदाहरण घेतल्यास या पद्धतींचे सामर्थ्य व मर्यादा दोन्ही स्पष्ट होतील. मातीतील डीएनएची यादी ही गावाच्या मतदार यादीसारखी आहे. तीत सर्वांची नावे असतात, परंतु कोण कामावर आहे आणि कोण घरी बसून आहे हे तीवरून कळत नाही. एवढेच नव्हे, तर यादीत जशी मयतांची नावे राहून जातात, तसा मेलेल्या जीवाणूंचा डीएनएही मातीत काही काळ टिकून राहतो. कामावर कोण आहे हे पाहण्यासाठी रोजगार हमीच्या कामावरील हजेरीपट पाहावा लागतो. सूक्ष्मजीवांच्या बाबतीत आरएनए हा असा हजेरीपट होय, कारण पेशी ज्या वेळी जे जनुक वापरते त्याच वेळी त्याचा आरएनए तयार होतो.

कोणी कोणते काम केले हे याहूनही नेमके ठरविण्याची एक युक्ती आहे. नेहमीच्या कर्बापेक्षा किंचित जड असा कर्ब असलेले अन्न नमुन्यास द्यावयाचे. ते अन्न जो जीव खाईल त्याचा डीएनए जड होईल. हा जड डीएनए वेगळा करून वाचला की खाणाऱ्याची ओळख पटते.

लोणारचा दाखला

या पद्धतींचा उपयोग पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. यवतमाळच्या पश्चिमेस वाशीम जिल्हा ओलांडला की बुलढाणा जिल्ह्यात लोणारचे सरोवर लागते. उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या या विवरातील पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी आहे. सामान्य जीवांना तेथे थारा नाही. सूक्ष्मजीवांची वसाहत मात्र तेथे समृद्ध आहे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, पुण्यातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने, वर सांगितलेली जड कर्बाची युक्ती लोणारच्या गाळावर योजण्यात आली आणि मिथेनसारख्या साध्या संयुगांवर जगणारे कोणते जीवाणू तेथे प्रत्यक्ष कार्यरत आहेत हे शोधण्यात आले. मिथेन हा तापमानवाढीस कारणीभूत होणारा वायू असल्याने त्याचे भक्षण करणारे जीव हे वातावरणाचे राखणदारच म्हणावे लागतील.

जून २०२० मध्ये लोणारचे पाणी एकाएकी गुलाबी झाले तेव्हा राज्यभर कुतूहल निर्माण झाले. नमुने तपासणीसाठी पाठविण्यात आले आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण मीठ मानवणारे, गुलाबी रंगद्रव्य असलेले आर्किया हे असल्याचे सांगितले. पाण्याची पातळी खालावून क्षारांचे प्रमाण वाढल्याने त्यांची भरभराट झाली होती. पावसाळ्यात रंग ओसरला. परिस्थिती बदलली की सूक्ष्मजीवांची सत्ता बदलते आणि सूक्ष्मजीवांची सत्ता बदलली की साऱ्या परिसराचे रूप बदलते, हा धडा लोणारने दिला. शेतजमिनीतही हेच घडते. फरक इतकाच की, तेथे पाण्यासारखा रंग बदलत नाही, म्हणून बदल कोणाच्या लक्षात येत नाही.

युरियाच्या गोणीमागील कामकरी

शेतात टाकलेला युरिया पिकास जसाच्या तसा क्वचितच मिळतो. मातीतील विकरे त्याचे अमोनियात रूपांतर करतात, नंतर सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइट व नायट्राइटचे नायट्रेट करतात. १८९० च्या सुमारास विनोग्राडस्की यांनी ही प्रक्रिया दोन निरनिराळे जीवाणू दोन टप्प्यांत पार पाडतात असे दाखविले, आणि शंभराहून अधिक वर्षे पाठ्यपुस्तकांत तेच शिकविले गेले. नव्या पद्धतींनी या चित्रात दोन भर घातल्या. २००५ मध्ये अमोनियावर जगणारे आर्किया प्रथमच वेगळे काढण्यात आले आणि पुढच्याच वर्षी अनेक जमिनींत त्यांची संख्या जीवाणूंपेक्षा अधिक असल्याचे आढळले. २०१५ मध्ये दोन्ही टप्पे एकट्याने पूर्ण करणारा जीवाणू सापडला. या कामाचे काही महत्त्वाचे कामकरी शंभर वर्षे अज्ञात होते, असा याचा अर्थ.

शेतकऱ्यास यातून एक व्यवहारी गोष्ट घेण्यासारखी आहे. काळ्या जमिनी बहुधा चुनखडीयुक्त व किंचित अल्कधर्मी असतात. अशा जमिनीच्या पृष्ठभागावर युरिया फेकून दिल्यास बराच नत्र अमोनिया होऊन हवेत उडून जातो. तो ओलाव्यात मातीआड केला व थोड्याथोड्या हप्त्यांनी दिला, तर सूक्ष्मजीवांचे काम आणि पिकाची भूक यांचा मेळ बसतो.

बोंडअळीने दिलेला इशारा

सूक्ष्मजीवांचे ज्ञान यवतमाळच्या शेतात सर्वांत ठळकपणे आले ते बीटी कपाशीच्या रूपाने. बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जीवाणूच्या नावावरून बीटी हे नाव पडले. १९०१ मध्ये जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा शोध घेताना हा जीवाणू प्रथम आढळला व १९११ मध्ये जर्मनीत पुन्हा सापडला. त्याच्या प्रथिनाने अळीचे आतडे निकामी होते. त्या प्रथिनाचे जनुक असलेल्या कपाशीस भारतात २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले.

आरंभी बोंडअळीचा उपद्रव घटला. परंतु एकाच अस्त्राचा सर्वत्र व सतत वापर झाला की शत्रू त्यास सरावतो, हा सजीवसृष्टीचा नियम आहे. गुलाबी बोंडअळी या दोन्ही जनुकांना दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे मोठे नुकसान झाले. त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यातील शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. जीवाणूचे एक जनुक उचलून आणले म्हणजे परिसराचे गणित सुटले असे होत नाही, ही गोष्ट या जिल्ह्याने फार मोठी किंमत मोजून शिकली आहे.

पऱ्हाटी : जाळावी की जमिनीस द्यावी

गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी कृषी शास्त्रज्ञ दरवर्षी सांगतात की फरदड घेऊ नये, हंगाम वेळेवर संपवावा आणि पऱ्हाटी शेतात किंवा धुऱ्यावर रचून ठेवू नये. हा सल्ला योग्यच आहे. मात्र त्याचे पालन करताना बहुधा पऱ्हाटी पेटवून दिली जाते. तिच्याबरोबर तिच्यातील कर्ब आणि बहुतेक नत्र धुरावाटे निघून जातो, मागे थोडी राख उरते. सूक्ष्मजीवांच्या दृष्टीने हे वर्षाचे धान्य कोठारासकट जाळण्यासारखे आहे. कारण जमिनीतील सेंद्रिय कर्ब हेच त्यांचे अन्न. कापूसपट्ट्यातील पुष्कळ शेतांत हा कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली उतरलेला आहे. अन्न नसेल तर कामकरी उपाशी राहतात, मग त्यांची नावे डीएनएच्या यादीत कितीही असोत.

पऱ्हाटी कठीण असते, ती सहज कुजत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खरी आहे. परंतु यंत्राने तिचे बारीक तुकडे केले, शेण व ओलावा दिला आणि ढीग अधूनमधून उलथला, तर काष्ठ कुजविणाऱ्या बुरशी व उष्णता सहन करणारे जीवाणू ते काम करतात. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने सूक्ष्मजीवांच्या मिश्रणाने पऱ्हाटीचे खत लवकर तयार करण्याची पद्धत विकसित केली आहे. तुकडे करताना व ढीग तापताना बोंडअळीचाही नायनाट होतो. एकेका शेतकऱ्यास यंत्र परवडत नाही. गटाने किंवा ग्रामपंचायतीच्या पुढाकाराने ते गावात फिरविता येते. सोयाबीनचे कुटार आणि तुराट्या यांनाही हाच न्याय लावता येईल.

सेंद्रिय द्रव्य, गोधन, झाडे व पाण्याची साठवण यांवर शेती उभी करणारे यवतमाळचे शेतकरी सुभाष शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. त्यांच्या पद्धतीचे तपशील प्रत्येकास जुळतीलच असे नाही. जमिनीस प्रथम जिवंत मानावे, हा तिचा पाया मात्र आधुनिक सूक्ष्मजीवशास्त्राशी सुसंगत आहे.

पाकिटातील जिवंत खत

जैविक खतांबाबत दोन टोकांची मते ऐकू येतात. काहींना ती रामबाण वाटतात, तर काहींना निरुपयोगी. खरी गोष्ट अशी की, पाकिटात जिवंत जीव असतात आणि ते जिवंत पोहोचले तरच उपयोगी पडतात. खत नियंत्रण आदेशानुसार भुकटीच्या रूपातील रायझोबियम, ॲझोटोबॅक्टर किंवा स्फुरद विरघळविणाऱ्या जीवाणूंच्या खतात दर ग्रॅमला किमान पाच कोटी आणि द्रवरूप खतात दर मिलिलिटरला किमान दहा कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. खरेदी करताना मुदत पाहावी, दुकानात पाकिटे उन्हात ठेवलेली नाहीत ना हे पाहावे, बीजप्रक्रिया सावलीत करावी. बुरशीनाशक लावावयाचे असल्यास ते आधी लावून जीवाणू खत शेवटी लावावे. सोयाबीनचा जीवाणू निराळा व तुरीचा निराळा, म्हणून एकाचे पाकीट दुसऱ्यास चालत नाही. आणि कर्बच नसलेल्या जमिनीत बाहेरून आणलेला पाहुणा फार काळ टिकत नाही, हेही विसरू नये.

शाळेसाठी मांजरपाटाचा प्रयोग

डीएनए वाचण्याची यंत्रे प्रत्येक गावास लागणार नाहीत. ती पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या संस्थांत व विद्यापीठांत असावीत. गावाने आपल्या जमिनीस प्रश्न विचारावयाचे, त्यासाठी साधी साधने पुरेशी आहेत. कापसाच्या जिल्ह्यात तर कापूसच परीक्षक होऊ शकतो. कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, आणि सेल्युलोज कुजविणे हे मातीतील बुरशी व जीवाणूंचे नित्याचे काम आहे.

शिक्षकांनी जुलै महिन्यात, जमीन ओली असताना, धुतलेल्या व रंग न दिलेल्या मांजरपाटाच्या सारख्या मापाच्या पट्ट्या घ्याव्यात. त्यांचे वजन नोंदवावे. दरवर्षी काडीकचरा जाळला जाणारे शेत, शेणखत घातलेले शेत आणि धुऱ्यावरील जुन्या झाडाखालची जागा अशा तीन ठिकाणी प्रत्येकी तीन पट्ट्या वीतभर खोल पुराव्यात. जागेवर खूण ठेवावी. सहा ते आठ आठवड्यांनी सर्व पट्ट्या एकाच दिवशी काढून हलक्या हाताने धुवाव्यात, वाळवाव्यात व पुन्हा तोलाव्यात. जेथे कापड अधिक विरले तेथे कुजविणाऱ्यांची हालचाल अधिक. ओलावा व मातीचा प्रकार यांनीही फरक पडतो, म्हणून एका वर्षाच्या निकालावरून कोणाच्या शेतास नावे ठेवू नयेत. तीच जागा दोन-तीन वर्षे तपासावी.

दुसरा प्रयोग याहूनही सोपा आहे. सोयाबीन फुलावर आले असता एक झाड मुळासकट हळुवार खणून काढावे व मुळावरील गाठ कापावी. आतील रंग गुलाबी किंवा लालसर असेल तर नत्र स्थिर करण्याचे काम चालू आहे. पांढरट किंवा हिरवट असेल तर ते चालू नाही. शेतकऱ्याच्या मुलाने हा रंग एकदा पाहिला की जमीन जिवंत आहे हे त्यास वेगळे शिकवावे लागत नाही.

ग्रामपंचायतीचे दायित्व

२०१५ पासून शेतकऱ्यांना दिल्या जाणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत बारा बाबींची नोंद असते. त्यांत नत्र, स्फुरद, पालाश आहेत, सूक्ष्म अन्नद्रव्ये आहेत आणि सेंद्रिय कर्बही आहे. सूक्ष्मजीवांचा रकाना तीत नाही. तथापि सेंद्रिय कर्बाचा आकडा हा सूक्ष्मजीवांच्या शिध्याचा आकडा आहे असे समजून तो वाचावा. दर खेपेस तो चढतो आहे की उतरतो आहे, एवढे जरी ग्रामसभेत वाचून दाखविले, तरी गावास आपल्या जमिनीची वाटचाल कळेल.

याबाबत कायद्याचा आधारही आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याने जैविक संसाधनांत वनस्पती व प्राण्यांबरोबर सूक्ष्मजीवांचाही समावेश केला आहे. या कायद्यानुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करावयाच्या असतात आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी या वहीत झाडे, पक्षी व पिकांचे वाण यांची नावे येतात आणि मातीचे पान कोरे राहते. टिपेश्वर व पैनगंगा अभयारण्यांच्या लगतच्या गावांत तर जंगलाची माती आणि शेताची माती शेजारी शेजारी आहेत. शाळेतील मुलांनी केलेले मांजरपाटाचे प्रयोग, गाठींचे निरीक्षण आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे या वहीत वर्षानुवर्षे नोंदविले, तर उद्या एखादा संशोधक डीएनएच्या तपासणीसाठी नमुना घेण्यास आला असता त्यास जमिनीचा इतिहास हाती मिळेल. इतिहासाविना घेतलेल्या नमुन्यातून नावांची यादी निघते, कारणे निघत नाहीत.

बंधुभगिनींनो, विज्ञानाने आता मातीतील कामकऱ्यांची नावे वाचण्याची विद्या हस्तगत केली आहे. त्यांना कामावर ठेवणे मात्र प्रयोगशाळेच्या हाती नाही. माघ-फाल्गुनात पऱ्हाटीच्या ढिगाजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या एका हातात काडेपेटी असते. त्याच वेळी तुकडे करणारे यंत्र आणि खताचा खड्डा गावात उपलब्ध असेल, तर तो कोणता मार्ग धरील याविषयी शंका बाळगण्याचे कारण नाही. ते उपलब्ध करून देणे हे ग्रामपंचायतीचे, कृषी विभागाचे आणि शाळेचे समाईक काम आहे. पुढील मृगात उठणारा मातीचा गंध त्या कामाची पावती देईल.